तिसरा नळ

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो ६ डिसेंबरला. हातकणंगल्याला रात्रीच्या गाडीत बसलो, बसलो कसला, दारात उभा राहिलो, आणि पहाटे दादरला उतरून रांगेला लागलो. रांग चैत्यभूमीची. पुढं माणसं, मागं माणसं, आणि माणसांच्या पलीकडं कुठंतरी लाटांचा आवाज. अभिवादन झालं. पुस्तकांच्या स्टॉलवर खिसा रिकामा झाला. मग वाळूवर पाच मिनिटं बसलो, आईनं बांधून दिलेली भाकरी खाल्ली. पाण्यात पाय घातला नाही. परतीची गाडी धरायची होती आणि दुसऱ्या दिवशी पहिली पाळी होती. आमच्या वस्तीत बहुतेकांनी समुद्र पाहिलाय तो असाच, बाबासाहेबांच्या निमित्तानं. समुद्रावर मजा करायला जायचं असतं, हे आम्हाला सिनेमातून कळलं.

माझा आजा तर वीस वर्षं मुंबईत होता. वरळीच्या बीडीडी चाळीत राहायचा, गिरणीत रिंग खात्यात होता. १९८२ चा संप झाला आणि तो गावी आला तो आलाच. त्याला एकदा विचारलं, "आजा, वरळीचा समुद्र केवढा होता?" म्हणाला, "वास यायचा बाबा. पाळी सुटली की झोप. समुद्र काय पळून जातोय व्हय?"

समुद्र नाही पळाला. गिरणी पळाली.

आता मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. आजाचंच खातं. आणि हे समुद्राचं आठवायचं कारण म्हणजे माझा एक दोस्त. आम्ही दोघं एका बाकावर शिकलो. मी दहावीनंतर गिरणीत गेलो, तो शिकत राहिला, आणि राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मिळवून थेट इंग्लंडला गेला. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ब्रायटन नावाचं शहर आहे, तिथं शिकतो. लंडनपासून आगगाडीनं तासाभराचा रस्ता. वस्तीत त्याला 'लंडनवाला' म्हणतात. पोरगा लंडनात राहत नाही हे सांगून सांगून त्याची आई थकली. ती अजून दुसऱ्याच्या रानात भांगलायला जाते.

रविवारी रातपाळीला जायच्या आधी त्याचा फोन येतो. आमचे रात्रीचे साडेनऊ म्हणजे हिवाळ्यात त्याचे दुपारचे चार. तो म्हणतो, "चल मर्दा, गाव दाखवतो तुला. बिनतिकिटाचं." फोन हातात धरून तो चालत राहतो आणि मी खाटेवर बसून ब्रायटन बघतो. एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. तो घरातून कधी फोन करत नाही. भाड्याच्या घरात पाच पोरं मिळून राहतात, त्यातली दोघं आपल्याकडचीच. पण फोन नेहमी बाहेरून. थंडीनं नाक लाल झालेलं, दात वाजताहेत, तरी बाहेर. मी म्हटलं, "घरात जाऊन बोल की." तो म्हणाला, "घरात काय बघणार? समुद्र बघ."

स्टेशनावर त्याला एक छापील कागद मिळाला होता. ब्रायटनमध्ये काय बघावं, काय करावं. त्याचा फोटो त्यानं मला पाठवला. इंग्रजी मी मशीनच्या पुस्तिकेवरून आणि एका फाटक्या डिक्शनरीवरून शिकलोय, तेव्हा तो कागद वाचायला मला दोन सुट्ट्या लागल्या. वाचला. आणि ठरवलं की लेका, हे सगळं बघायचं.

पहिली निराशा म्हणजे वाळूच नाही. मैलोगणती किनारा, आणि सगळे गोटे. नदीतल्यासारखे गुळगुळीत, करड्या-तपकिरी रंगाचे. मी म्हटलं, अनवाणी चालून दाखव. चार पावलं चालला आणि आईचं नाव घेतलं. त्या गोट्यांवर गोरी माणसं पट्ट्यापट्ट्यांच्या कापडी खुर्च्या टाकून बसतात, कागदातले तळलेले मासे आणि बटाट्याचे तुकडे खातात, आणि समुद्रपक्षी डोक्यावरून येऊन हातातला तुकडा पळवतात. पाणी उन्हाळ्यातही गार. तरी लोक उड्या मारतात. खाऱ्या गार पाण्याचं हे वेड एका डॉक्टरानं लावलं. रिचर्ड रसेल त्याचं नाव. १७५० साली त्यानं लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला की समुद्राच्या पाण्यात बुडावं आणि ते प्यावंसुद्धा, म्हणजे रोग बरे होतात. तेव्हा ब्रायटन म्हणजे कोळ्यांचं गाव. मग सरदार-दरकदार यायला लागले. १७८३ साली राजपुत्र आला, तोच पुढं चौथा जॉर्ज म्हणून राजा झाला. गावाचं नशीब पालटलं. कोळ्यांचं काय पालटलं ते छापील कागदात नाही.

१८४१ मध्ये लंडनहून रेल्वे आली आणि रेल्वेबरोबर साधी माणसं आली. एका दिवसाचं स्वस्त तिकीट काढून कारकून, शिंपी, कारखान्यातले मजूर, बायकापोरं. व्हिक्टोरिया राणीला ती गर्दी सोसली नाही. तिनं ब्रायटनकडं पाठ फिरवली आणि तिथला राजवाडा विकायला काढला. हे वाचून मला आमच्या गावचा पाणवठा आठवला. मग स्वतःलाच थांबवलं. फरक आहे. राणीला गर्दी नकोशी झाली. आमच्या शिवण्यानं पाणीच बाटायचं.

गिरणी कामगाराचं मन आहे, म्हणून इथं जरा आडवाट घेतो. विलायतेतल्या गिरणीवाल्यांचा समुद्र ब्रायटन नव्हे. लँकेशायरचे कापड कामगार जायचे ब्लॅकपूलला, वायव्येच्या किनाऱ्यावर. वर्षातून एक आठवडा गावच्या सगळ्या गिरण्या एकदम बंद. भोंगा नाही, धूर नाही. आख्खं गाव रेल्वेत बसून समुद्राला. शेजारी तोच, मुकादम तोच, फक्त समोर समुद्र. पण त्या आठवड्याचा पगार नसायचा. वर्षभर क्लबात पैसा-पैसा टाकून ती सुट्टी उभी करायची. पगारी सुट्टीचा कायदा तिथं १९३८ साली झाला. मी हे जेवणाच्या सुट्टीत आमच्या खात्यात सांगितलं. एक डॉफर म्हणाला, "म्हणजे ज्यांच्या मालकांनी आपल्या हातमागांचं वाटोळं केलं, त्यांची पण सुट्टी बिनपगारीच होती तर." त्यावर कुणी काही बोललं नाही. चहा संपला होता.

बाकीचं झटकन सांगतो. समुद्रात शिरलेला एक लांबलचक धक्का आहे, पॅलेस पियर, १८९९ चा. त्यावर पाळणे, झुले, जुगाराची खेळणी. बाहेरून आलेल्यांना उन्हाळ्यात आत जायला पैसे पडतात, ते २०२४ पासून. किनाऱ्यालगत एक छोटी विजेची रेल्वे चालते. मॅग्नस व्होल्क नावाच्या माणसानं १८८३ मध्ये सुरू केली. जगात चालू असलेल्या विजेच्या रेल्वेंत सगळ्यात जुनी. खेळण्यासारखी दिसते. दोस्त म्हणाला, "आपल्या ऊसवाहतुकीचा ट्रॅक्टर हिच्यापुढं जाईल."

दुसरा एक धक्का आहे, वेस्ट पियर. आहे म्हणजे होता. १८६६ साली बांधला, १९७५ मध्ये बंद केला, २००३ मध्ये जळाला. आता पाण्यात नुसता लोखंडी सांगाडा उभा आहे, किनाऱ्याशी संबंध तुटलेला. त्यावर हिवाळ्यात संध्याकाळी पाखरं येतात. ज्वारीवर उतरणाऱ्या आपल्या भोरड्या, त्यांच्याच गोतातली. हजारोंनी. त्या दिवशी दोस्तानं फोन वर धरला आणि काही बोललाच नाही. आभाळात काळं कापड कुणी झटकावं तसा तो थवा वळत होता, फाटत होता, पुन्हा एक होत होता. मग सगळी पाखरं एकदम सांगाड्यात उतरली आणि आवाज बंद. मी रातपाळीला दहा मिनिटं उशिरा पोचलो. बोलणी खाल्ली. खाल्ली तर खाल्ली.

आणि साखरेची कांडी. तिथल्या लोकांची जत्रेतली मिठाई. बाहेरून गुलाबी, आत पांढरी, आणि पांढऱ्यात लाल अक्षरांत गावाचं नाव. ते नाव वर छापलेलं नसतं. आख्ख्या कांडीतून आरपार गेलेलं असतं. कुठंही मोडा, तुकड्याच्या तोंडावर पुन्हा ब्रायटन. गावी येणाऱ्या एका पोराबरोबर त्यानं माझ्यासाठी एक धाडली. मी खात्यात सगळ्यांना वाटली. एकजण चोखून चोखून बघत होता. म्हणाला, "च्यायला, चोखून चोखून कांडी संपत आली, पण नाव काय जात नाही." मी एकटाच हसलो. त्याला वाटलं, मी त्याला हसलो.

छापील कागदावर सगळ्यात वरचं चित्र राजवाड्याचं आहे. रॉयल पॅव्हिलियन. त्या राजपुत्रानं जॉन नॅश नावाच्या शिल्पकाराकडून १८१५ ते १८२२ या काळात तो वाढवून घेतला. बाहेरून बघाल तर घुमट, मनोरे, जाळ्या, म्हणजे हिंदुस्थानातला नबाबी वाडा. आत गेलात तर सगळं चिनी, छताला ड्रॅगन टांगलेला. दोघांनी मिळून इंग्रजांच्या खाण्यापिण्याची सोय केलेली. राणीनं विकायला काढल्यावर १८५० मध्ये तो शहरानं विकत घेतला. हे साल ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

राजवाड्याच्या आसपास आपल्याकडच्या एका माणसाची खूण आहे. शेख दीन महंमद, जन्म पाटण्याचा, १७५९ चा. कंपनीच्या फौजेबरोबर हिंडला, आयर्लंडला गेला, आणि १७९४ मध्ये त्यानं आपल्या प्रवासाचं पुस्तक इंग्रजीत छापलं. इंग्रजीत पुस्तक छापणारा तो पहिला हिंदी माणूस. १८१० मध्ये लंडनात खाणावळ काढली, ती बुडाली. मग ब्रायटनला येऊन वाफेचं न्हाणीघर काढून अंग रगडायला लागला. चंपी करायला लागला. त्या चंपीचाच त्यांचा शॅम्पू झाला. दोन राजे त्याच्या हाताखालून गेले. १८५१ मध्ये तो मेला, तिथल्याच चर्चच्या आवारात पुरला. मला हा माणूस आवडला. ज्या कामाला इथं खालचं म्हणतात, ते काम त्यानं तिथं दाम मोजून घेऊन केलं, आणि लिहिलंही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो तिथं येतो.

१९१४ साली पहिलं महायुद्ध लागलं. इंग्रजांनी हिंदुस्थानची फौज फ्रान्सच्या आघाडीवर नेली. सुती कपड्यांतली माणसं युरोपच्या थंडीत, चिखलाच्या खंदकात. जखमी व्हायला लागली. त्यांना जहाजानं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर आणायचे आणि दवाखान्यांत टाकायचे. १९१४ च्या डिसेंबरात ब्रायटनच्या या राजवाड्याचा दवाखाना केला. ड्रॅगनच्या झुंबराखाली खाटा लावल्या. राजवाडा आणि त्याच्या आवारातल्या इमारती मिळून सातशेच्या वर. शिवाय एका शाळेचा दवाखाना केला, आणि गरिबांना कामाला जुंपून ठेवायचं एक जुनं घर होतं, त्याचाही. त्याला किचनेर हॉस्पिटल म्हणायचे. तिथं भिंतींवर काटेरी तारा होत्या, जखमी शिपायांनी गावात जाऊ नये म्हणून. राजवाड्यातल्यांचे मात्र फोटो काढले, पोस्टकार्डं छापली, पुस्तिका छापली, इंग्रजी, गुरुमुखी आणि उर्दूत. राजानं तुमच्यासाठी आपला महाल रिकामा केला, असा डंका पिटला. ध्यानात ठेवा म्हटलं होतं ते साल आता काढा. १८५०. महाल राजाचा राहिलाच नव्हता. तो शहराचा होता.

पण माझं लक्ष दुसरीकडं अडकलं. दोस्त राजवाड्याच्या आत तिकीट काढून गेला होता. तिथं या दवाखान्याची हकीकत मांडलेली एक खोली आहे. बाहेर आल्यावर त्यानं फोन केला आणि आवाज खाली करून म्हणाला, "तुला म्हाईत आहे का, स्वैपाकघरं किती होती?"

"किती?"

"नऊ."

नऊ स्वैपाकघरं. मुसलमानांची वेगळी, मांस खाणाऱ्या हिंदूंची वेगळी, न खाणाऱ्यांची वेगळी. ज्याच्या-त्याच्या जातीचा आचारी. बकरं कापायच्या जागा वेगळ्या. प्रत्येक वॉर्डात पाण्याचे दोन नळ, एक हिंदूंचा, एक मुसलमानांचा. कुठला कुणाचा ते कळावं म्हणून आपल्या लिप्यांत पाट्या. इंग्रजांना १८५७ ची काडतुसं आठवत होती. शिपायाचा धर्म बाटला तर बंदूक उलटी फिरते. म्हणून त्यांनी सात समुद्रापार गोऱ्या गवंड्यांकडून, गोऱ्या नळवाल्यांकडून आपली शिवाशिव बांधून घेतली. आखणी करून, पाइप टाकून.

आणि झाडलोट? संडास? त्याला आपल्याकडून माणसं नेली होती. अस्पृश्य जातींतली. रजिस्टरात नाव 'स्वीपर'. ती माणसं बोटीतून गेली, त्यांनी काळं पाणी ओलांडलं. पण काळं पाणी ओलांडून जात बुडते ती वरच्यांची. प्रायश्चित्त घ्यायला आधी काहीतरी असावं लागतं.

आता सांगा. वॉर्डात दोन नळ. एक हिंदूंचा, एक मुसलमानांचा. रात्री दोन वाजता घाणीची बादली उपसून आलेल्या त्या माणसाला तहान लागली. तो कुठल्या नळावर जाईल?

मी त्या रात्री मशीनवर धागे जोडत होतो आणि डोक्यात हेच. तिसरा नळ. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला बाबासाहेबांनी ओंजळ भरली, त्याच्या बारा वर्षं आधीचं ब्रायटन. पाणी मुबलक, नळाचं, इंग्रज सरकारचं. तरी दोनच तोट्या.

माझा पणजा मुंबईच्या गिरणीत होता, बाबासाहेबांच्या वेळी. आजा त्याचं सांगायचा. आपल्या लोकांना विणकामात घ्यायचे नाहीत, रिंग खात्यातच. का? तर विणकराला धोट्यातली कांडी बदलताना धागा तोंडानं ओढून काढावा लागायचा. एका धोट्याला अनेकांची तोंडं लागायची. त्यात आपलं तोंड कसं चालेल? विणकरांचा पगार जास्त. म्हणजे थुंकीचा दर ठरलेला होता. त्याच धोट्याला लँकेशायरच्या बायका तशीच तोंडं लावायच्या, त्यांना कुणी जात विचारली नाही, फक्त त्यांचे दात किडले आणि छाती गेली. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न धरला की, सगळी खाती आमच्या माणसांना खुली करणार की नाही ते आधी सांगा. लाल बावट्यावाल्यांना तेव्हा तो प्रश्न जड गेला. पणज्याच्या खात्यात पाण्याचे माठही वेगळे होते. आजा म्हणायचा, "माठ फुटला की आपला आपणच आणायचा. मालक फक्त मळी घालायला दोरा द्यायचा." आजाचं हे वाक्य मला कधी पुरतं कळलं नाही, पण आहे तसं लिहून ठेवलंय.

तुमच्यातला कुणीतरी विचारील, त्या फौजेत आपले महार शिपाई नव्हते का? नव्हते. कोरेगावच्या खांबावर १८१८ च्या लढाईतली आपली नावं कोरली त्या इंग्रजांनीच १८९० नंतर 'लढवय्या जमाती' नावाचं खूळ काढून महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० मध्ये लिहिला. दार उघडलं ते थेट १९१७ मध्ये, माणसं कमी पडायला लागल्यावर. १११ महार पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडली. महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली ती १९४१ मध्ये. म्हणजे १९१४-१५ साली राजवाड्यात जखमी होऊन पडायचा हक्कही आपल्याला नव्हता. साम्राज्यासाठी मरण्यात काही भूषण आहे असं मी म्हणत नाही. पण ज्याला दिवाणखान्यात खाट मिळत नाही आणि संडासाची बादली मात्र मिळते, त्यानं साम्राज्यावर कविता करावी की नऊ स्वैपाकघरांवर, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

जे मेले त्यांचं काय केलं? मुसलमान शिपायांना वोकिंगच्या मशिदीजवळच्या दफनभूमीत नेलं. हिंदू आणि शीख अशा ५३ जणांना ब्रायटनमागच्या डोंगरावर, पॅचम गावाच्या वर, उघड्यावर अग्नी दिला. तिथं आता पांढऱ्या संगमरवराची छत्री आहे. आठ खांब, वर घुमट. आराखडा केला मुंबईच्या एका तरुण शिल्पकारानं, ई. सी. हेन्रिक्स त्याचं नाव. १ फेब्रुवारी १९२१ ला तिथल्या युवराजानं उद्घाटन केलं. त्या ५३ जणांची नावं दगडावर यायला मात्र २०१० साल उजाडलं.

दोस्त तिथं चालत गेला. बस खाली सोडते, वर चढण आहे, शेतातून पायवाट, आजूबाजूला मेंढरं. वारा एवढा की फोनमध्ये त्याचं बोलणं येईना. नुसतं हिरवं रान दिसत होतं, मध्ये ती पांढरी छत्री आणि खाली लांब समुद्राची राखाडी पट्टी. तो नावं वाचत होता. एकेक, मोठ्यानं, वाऱ्यावर ओरडून. शीख नावं, गढवाली नावं, गुरखे. मी ऐकत होतो. त्या पोरांबद्दल मला राग नाही. कुठल्या तरी डोंगरातली पोरं, सावकाराच्या कर्जापायी भरती झालेली. त्यांनीही नऊ स्वैपाकघरं मागितली होती की नाही कुणास ठाऊक, त्यांच्या नावानं बांधली एवढं खरं.

खाली उतरताना मी त्याला सुखाबद्दल सांगितलं. हे मी वाचनालयातल्या एका पुस्तकात वाचलं होतं. ब्रायटनच्या पश्चिमेला, साउथॅम्प्टनच्याही पलीकडं ब्रोकनहर्स्ट नावाचं गाव आहे. तिथंही हिंदी शिपायांचा दवाखाना होता, लेडी हार्डिंग नावाचा. सुखा तिथला झाडूवाला. बरेलीचा. १२ जानेवारी १९१५ ला मेला, वय ३०. त्याची गोष्ट तिथं सांगतात ती अशी की, हिंदूंनी त्याला अग्नी द्यायला नकार दिला, तो अस्पृश्य म्हणून. मुसलमानांनी जागा नाकारली, तो मुसलमान नव्हता म्हणून. शेवटी गावच्या पाद्र्यानं त्याला आपल्या चर्चच्या आवारात जागा दिली. कबरीवर दगड आहे. त्यावर त्याचं नाव आहे, गावातला मोहल्ला आहे, तो ख्रिस्ती नव्हता हेही स्पष्ट लिहिलंय, आणि दुसऱ्यांच्या कामी त्याचा जीव गेला असंही. त्या काळात आपल्या एका माणसाचं नाव दगडावर कोरलं ते एका परक्या धर्माच्या अंगणात. पाद्र्याच्या मनात काय होतं मला माहीत नाही. जागा दिली हे माहीत आहे.

दोस्त बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सुखा. आडनाव?"

"नाही. नुसतं सुखा."

"बरं झालं," तो म्हणाला. "इथं पहिल्या दिवशी मला आडनावच विचारलं."

"कुणी?"

तेव्हा सगळं निघालं. घरात पाचजणांत एकच स्वैपाकघर. आपल्याकडच्या दोघांतल्या एकानं पहिल्याच आठवड्यात गोड बोलून आडनाव विचारलं, मग जिल्हा विचारला, मग 'पूर्ण नाव' विचारलं. मग एक दिवस म्हणाला, तू नॉनव्हेज करतोस ना, तर आपण भांडी वेगळी ठेवू, राग मानू नको, हायजीनचं आहे. घरातला पोलंडचा पोरगा रोज डुकराचं मांस तळतो. त्याची भांडी वेगळी झाली नाहीत. तो त्याच कढईत तळतो आणि हे त्याच कढईत भेंडी करतात.

"म्हणून बाहेरून फोन करतोस होय रे?"

"घरात तुझ्याशी जयभीम म्हणायचं तर आवाज कमी करावा लागायचा. मला ते नको होतं."

मी म्हटलं, "मग आता काय करतोस?"

"कालच केलं," तो म्हणाला. "सगळ्यांना बसवलं. त्या पोलंडच्यालाही. म्हटलं, हा मला वेगळी भांडी का ठेव म्हणतो ते मी सांगतो, तुम्ही ऐका. अर्धा तास बोललो. महाडपासून सुरुवात केली. इंग्रजी अडखळलं मध्ये, पण बोललो. त्या गोऱ्या पोरांना आधी कळेचना. मग एकीनं त्याला विचारलं, हे खरं आहे का? तो म्हणाला, आमच्यात असं काही नाही, माझे किती मित्र आहेत त्यांच्यातले."

"मग?"

"मग काय. रात्री त्यानं स्वतःची भांडी उचलून आपल्या खोलीत नेली. कपाट रिकामं झालं. वरचं मोठं. ते मला मिळालं." तो हसला. वाऱ्यात ते हसू तुटक तुटक येत होतं. "मर्दा, मटणाचं आख्खं पातेलं मावतंय त्यात."